लिंफोमाच्या निदानाची परिभाषा

भारतातील कोणत्याही प्रांतात रुग्णाच्या हाती पडणारा तपासणीचा अहवाल बहुधा इंग्रजीत लिहिलेला असतो. रुग्ण मराठी असो, तमिळ असो वा बंगाली असो, स्वतःच्या आजाराविषयीचे सर्वांत महत्त्वाचे शब्द त्याला परक्या भाषेत भेटतात. त्यांपैकी जे शब्द पूर्णपणे अनोळखी असतात, त्यांच्यापासून फारसा धोका नसतो. कारण न समजलेल्या शब्दाचा अर्थ माणूस डॉक्टरांना विचारतो. खरा घोटाळा करतात ते ओळखीचे वाटणारे शब्द. ‘स्टेज’, ‘ग्रेड’, ‘पॉझिटिव्ह’, ‘रेमिशन’ हे शब्द आपण ऐकलेले असतात आणि म्हणून त्यांचा अर्थ कोणी विचारीत नाही. तो मनानेच लावला जातो.

‘स्टेज चार’ हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. चौथी म्हणजे शेवटची, आणि शेवटची म्हणजे आता उपाय उरला नाही, असा अर्थ घरातील मंडळी लावतात. कधी कधी रुग्णाला उपचार न घेताच घरी नेले जाते. लिंफोमाच्या बाबतीत हा अर्थ चुकीचा आहेच; शिवाय बरा होण्याजोगा रोग त्यापायी उपचारांवाचून राहून जातो. म्हणून अनुवादाला जोडलेल्या या पाठात रोगाची सर्व माहिती देण्याचा हेतू नाही. निदानापासून उपचारांच्या अखेरीपर्यंत जे शब्द कानांवर पडतात, त्यांपैकी प्रत्येक शब्द नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, एवढेच येथे सांगावयाचे आहे. असे प्रश्न मुख्यतः चार आहेत: रोग कोणता? तो कुठवर पोहोचला आहे? तो किती वेगाने वाढतो? आणि उपचारांना तो कसा प्रतिसाद देतो? एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावले की गैरसमज निर्माण होतो.

लसिका आणि लसिकाग्रंथी

रक्तवाहिन्यांच्या अतिसूक्ष्म शाखांमधून रक्तातील काही द्रव सतत बाहेर झिरपतो आणि पेशींच्या भोवती साठतो. हा द्रव गोळा करून पुन्हा रक्तात पोहोचविणाऱ्या बारीक नळ्यांचे एक जाळे शरीरभर पसरलेले आहे. त्या नळ्यांतून वाहणाऱ्या द्रवास ‘लसिका’ म्हणतात. वाटेत ठिकठिकाणी घेवड्याच्या दाण्याच्या आकाराच्या लहान गाठी लागतात. त्या लसिकाग्रंथी होत. मान, काख, जांघ, छाती आणि पोट यांत त्यांचे समूह आढळतात. पायाला जखम होऊन जांघेत दुखरी गाठ आली की ‘अवधाण आले’ असे आपल्याकडे म्हणतात. ते अवधाण म्हणजे जंतूंशी झुंजताना सुजलेली लसिकाग्रंथीच असते.

या ग्रंथींत मुख्यतः लसिकापेशी असतात. इंग्रजीत त्यांना लिंफोसाइट म्हणतात. पांढऱ्या पेशींचाच हा एक वर्ग असून त्याचे ‘बी’ आणि ‘टी’ असे दोन प्रमुख प्रकार आहेत. ‘टी’ हे अक्षर छातीच्या हाडामागील थायमस या ग्रंथीवरून आले. या पेशी तेथे परिपक्व होतात. ‘बी’ हे अक्षर पक्ष्यांच्या शरीरातील बर्सा नावाच्या अवयवावरून आले, कारण या पेशींचा शोध प्रथम कोंबड्यांवरील प्रयोगांतून लागला. माणसाला बर्सा नसतो. त्याच्या बी-पेशी अस्थिमज्जेत तयार होतात.

एखाद्या लसिकापेशीच्या जनुकांत बिघाड होऊन तिची संतती अनिर्बंध वाढू लागली, म्हणजे जो कर्करोग होतो तो लिंफोमा. परिभाषेत त्यास ‘लसिकार्बुद’ असा शब्द आहे; परंतु रुग्णालयात कोणी तो वापरीत नाही, म्हणून येथे लिंफोमा हाच शब्द ठेवला आहे.

पुढील विवेचनासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. लसिकापेशी ही मुळातच भटकी पेशी आहे. रक्त, लसिका, प्लीहा आणि अस्थिमज्जा यांत फिरत राहणे हा तिचा निसर्गदत्त धर्म होय. जठराच्या किंवा आतड्याच्या कर्करोगातील पेशी दूरच्या अवयवात सापडली, तर ती आपली जागा सोडून गेलेली असते. लसिकापेशी मात्र आपल्या नेहमीच्याच वाटेने गेलेली असते. ‘पसरला’ या एकाच शब्दाचा अर्थ दोन रोगांत वेगळा का होतो, याचे मूळ येथे आहे.

निदान: सुई की शस्त्र?

मानेवर न दुखणारी गाठ, संध्याकाळचा ताप, घटते वजन आणि रात्री येणारा घाम ही लक्षणे भारतातील कोणत्याही डॉक्टरांस प्रथम क्षयाची आठवण करून देतात, आणि ते स्वाभाविकही आहे. मानेतील ग्रंथींचा क्षय, ज्याला जुन्या पिढीतील लोक गंडमाळा म्हणत, आपल्या देशात आजही वारंवार आढळतो. परंतु हीच लक्षणे लिंफोमाचीही असतात. दोहोंतील साम्य इतके फसवे आहे की १८९८ साली व्हिएन्नामध्ये कार्ल स्टर्नबर्ग या शास्त्रज्ञानेही हॉजकिनच्या रोगाला क्षयाचाच एक विशेष प्रकार मानले होते. तो स्वतंत्र रोग असल्याचे प्रतिपादन बाल्टिमोर येथील डोरोथी रीड यांनी १९०२ साली केले. म्हणून गाठीची तपासणी न करता केवळ अंदाजाने क्षयाची औषधे सुरू करणे आणि गाठ कमी होईल म्हणून महिनोन्‌महिने वाट पाहणे धोक्याचे ठरते.

गाठीची तपासणी दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात बारीक सुई टोचून थोड्या पेशी ओढून घेतात. हिचे इंग्रजी नाव ‘एफ.एन.ए.सी.’ या आद्याक्षरांनी लिहिलेले असते. ही तपासणी सोपी व स्वस्त असून क्षयाच्या निदानास बरेचदा उपयोगी पडते. परंतु तिच्यातून सुट्या पेशी मिळतात. ग्रंथीची रचना कळत नाही. विटा पाहून घराचा नकाशा सांगता येत नाही, तसेच हे आहे. लिंफोमात ग्रंथीची मूळ रचना टिकली आहे की मोडली आहे, पेशींचे पुंजके झाले आहेत की त्या सरसकट पसरल्या आहेत, हे पाहणे अत्यावश्यक असते. त्यासाठी ‘बायॉप्सी’ करावी लागते. बायॉप्सी म्हणजे जिवंत शरीरातील ऊतीचा तुकडा काढून त्याची तपासणी करणे. शक्य असेल तेथे संपूर्ण गाठ काढतात. तिला ‘एक्सिजन बायॉप्सी’ म्हणतात. गाठ खोलवर असेल, तर जाड सुईने तिचा दंडगोलाकार तुकडा घेतात. ती ‘कोअर बायॉप्सी’ होय.

सुईच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी पुन्हा गाठ काढावयास सांगितली, तर पहिली तपासणी चुकली असे समजू नये. पहिलीने शंका दाखविली. तिचा निर्णय दुसरी करते. बायॉप्सीपूर्वी स्टेरॉइड औषधे दिली गेली, तर रोगट पेशी तात्पुरत्या विरून जाऊन निदान अवघड होऊ शकते. त्यामुळे तशी औषधे घेतली असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

पहिला प्रश्न: रोग कोणता?

लंडनच्या गायज हॉस्पिटलमधील टॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली लसिकाग्रंथी व प्लीहा सुजून मृत्यू पावलेल्या काही रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १८६५ साली सॅम्युएल विल्क्स यांनी या रोगास हॉजकिन यांचे नाव दिले. या रोगात सूक्ष्मदर्शकाखाली एक विशिष्ट मोठी पेशी दिसते. तिला बहुधा दोन केंद्रके असतात आणि ती घुबडाच्या डोळ्यांसारखी भासते. वर उल्लेखिलेल्या दोन संशोधकांच्या नावांवरून तिला ‘रीड-स्टर्नबर्ग पेशी’ म्हणतात. अहवालात हे नाव आढळल्यास रोख हॉजकिन लिंफोमाकडे आहे, असे समजावे.

उरलेल्या सर्व लिंफोमांना ‘नॉन-हॉजकिन’ म्हणतात. हे नाव केवळ नकारात्मक आहे. ‘आंबा नसलेली फळे’ म्हणण्यासारखेच. त्यात अनेक निरनिराळे रोग येतात, आणि त्यांतील एकाचा अनुभव दुसऱ्यास लागू पडत नाही. शेजारच्या कोणाला नॉन-हॉजकिन लिंफोमा झाला होता व त्याचे अमुक झाले, यावरून स्वतःविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. संपूर्ण नाव विचारावे. ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल’ या नावात ‘डिफ्यूज’ म्हणजे ग्रंथीत सरसकट पसरलेला, ‘लार्ज’ म्हणजे मोठ्या पेशींचा, आणि ‘बी-सेल’ म्हणजे बी-पेशींपासून उद्‌भवलेला. येथे ‘डिफ्यूज’ हा शब्द ग्रंथीच्या आतील मांडणीविषयी आहे. रोग शरीरभर पसरला, असा त्याचा अर्थ नव्हे. ‘फॉलिक्युलर’ म्हणजे पेशींचे गोलसर पुंजके करून वाढणारा.

नाव निश्चित करण्यासाठी ‘इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री’ ही तपासणी करतात. पेशीच्या पृष्ठभागावर निरनिराळी प्रथिने असतात. १९८२ पासून त्यांना ‘सीडी’ ही अक्षरे आणि एक क्रमांक देण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत रूढ झाली. विशिष्ट प्रथिनास चिकटणारे प्रतिपिंड आणि रंग यांच्या साहाय्याने ते प्रथिन पेशीवर आहे की नाही, हे पाहतात. असेल तर ‘पॉझिटिव्ह’, नसेल तर ‘निगेटिव्ह’. संसर्गाच्या तपासण्यांमुळे ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द लोकांच्या मनात भीतीशी जोडला गेला आहे. येथे तो केवळ ‘आहे’ एवढेच सांगतो. किंबहुना ‘सीडी २० पॉझिटिव्ह’ हे शब्द वाचून डॉक्टरांना हायसे वाटते. कारण त्या प्रथिनावर नेम धरणारे प्रभावी औषध उपलब्ध आहे. सीडी ३० आणि सीडी १५ ही प्रथिने पॉझिटिव्ह असणे हे हॉजकिन लिंफोमाच्या नेहमीच्या प्रकारांचे लक्षण होय.

दुसरा प्रश्न: कुठवर?

‘स्टेज’ या शब्दासाठी आपण ‘अवस्था’ हा शब्द योजतो. परंतु रोग कोणत्या जागी आहे, एवढेच तो शब्द सांगतो. अमेरिकेतील ॲन आर्बर या गावी १९७१ साली निश्चित झालेली अवस्थांची पद्धत आजही मूलाधार मानली जाते. त्या काळी किरणोपचार हा प्रमुख उपाय होता आणि किरण शरीराच्या कोणत्या भागावर सोडावयाचे, हे ठरविणे अगत्याचे होते. म्हणजे ही पद्धत मुळात एक नकाशाच आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या लुगानो येथील परिषदेच्या शिफारशींनी तिच्यात काही सुधारणा केल्या.

छाती आणि पोट यांच्यामधील श्वासपटल ही या नकाशातील सीमारेषा होय. लसिकाग्रंथींचा एकच समूह बाधित असेल, तर पहिली अवस्था. दोन वा अधिक समूह बाधित असून ते सर्व श्वासपटलाच्या एकाच बाजूस असतील, तर दुसरी. दोन्ही बाजूंस असतील, तर तिसरी. अस्थिमज्जा, यकृत किंवा फुप्फुसे यांसारख्या लसिकासंस्थेबाहेरील अवयवांत रोग पसरलेला असेल, तर चौथी. आकड्यानंतर ‘ई’ हे अक्षर असल्यास रोगाने ग्रंथींबाहेरील एखाद्या मर्यादित जागी प्रवेश केला आहे, असे समजावे.

आकड्यास जोडून ‘ए’ किंवा ‘बी’ हेही अक्षर येते. संसर्गाचे कारण नसताना ३८ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक ताप, रात्री अंथरूण भिजविणारा घाम, आणि सहा महिन्यांत वजनात दहा टक्क्यांहून अधिक घट यांपैकी काही असल्यास ‘बी’; यांतील काहीच नसल्यास ‘ए’. हा ‘बी’ आणि ‘बी-पेशी’मधील ‘बी’ यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. लुगानोच्या शिफारशींनुसार ही अक्षरे आता केवळ हॉजकिन लिंफोमासाठी आवश्यक मानली जातात. तथापि इतर लिंफोमांच्या अहवालांतही ती अद्याप आढळतात.

आता चौथ्या अवस्थेचा विचार करू. फुप्फुस किंवा आतडे यांच्या कर्करोगात चौथी अवस्था म्हणजे शस्त्रक्रियेने रोग समूळ काढण्याची शक्यता बहुतांशी मावळणे. लिंफोमाचा मुख्य उपचार मात्र शस्त्रक्रिया नव्हेच. रक्तातून जाणारे औषध हा त्याचा उपचार होय, आणि रक्त जेथे पोहोचते तेथे औषधही पोहोचते. रोग एका ग्रंथीत असो वा दहा ठिकाणी असो, त्याच्यामागे जाण्याची वाट एकच आहे. त्यामुळे चौथ्या अवस्थेत निदान झालेल्या हॉजकिन लिंफोमाच्या रुग्णांपैकीही बहुसंख्य रुग्ण आधुनिक उपचार पूर्ण घेतल्यास बरे होतात. अवस्था वाढली की उपचार अधिक काळ किंवा अधिक तीव्र द्यावे लागतात आणि धोकाही वाढतो, हे खरे. परंतु चौथी अवस्था म्हणजे शेवटची घटका नव्हे. ‘चौथी’ हा स्थळाचा क्रमांक आहे, काळाचा नव्हे.

तिसरा प्रश्न: किती वेगाने?

वेगासाठी अहवालात ‘इंडोलंट’ आणि ‘ॲग्रेसिव्ह’ असे शब्द येतात. पहिल्याचा शब्दशः अर्थ आळशी आणि दुसऱ्याचा आक्रमक. आपण त्यांना ‘मंदगती’ आणि ‘शीघ्रगती’ म्हणू. वेगाचे एक माप ‘की-६७’ या नावाने दिलेले असते. शंभरांपैकी किती पेशी विभाजनाच्या चक्रात आहेत, हे ते सांगते. जर्मनीतील कील या शहरात ते विकसित झाले, म्हणून ‘की’. आणि ६७ हा प्रयोगातील नमुन्याचा क्रमांक. रोग शरीराच्या किती टक्के भागात पसरला, असा या आकड्याचा अर्थ कोणी लावू नये. ‘ग्रेड’ म्हणजे श्रेणी. पेशींच्या स्वरूपावरून ती ठरते. ती अवस्थेहून वेगळी आहे.

येथे व्यवहारातील तर्कास न पटणारी एक गोष्ट आढळते. शीघ्रगती लिंफोमा उपचारांवाचून थोड्या महिन्यांत प्राण घेऊ शकतो. परंतु बरेचदा तोच समूळ बरा होतो. कारण केमोथेरपीची अनेक औषधे विभाजन पावणाऱ्या पेशींनाच प्रामुख्याने मारतात. युगांडात काम करणाऱ्या डेनिस बर्किट यांनी १९५८ साली वर्णिलेला लिंफोमा हा माणसाच्या अर्बुदांपैकी अत्यंत वेगाने वाढणारा. तरीही योग्य केंद्रात तीव्र उपचार मिळाल्यास बहुतेक मुले त्यातून बरी होतात. उलट, मंदगती लिंफोमा वर्षानुवर्षे सोबत राहतो, औषधाने दबतो आणि पुन्हा डोके वर काढतो. सर्वत्र पसरल्यावर त्याचा समूळ नाश सहसा होत नाही. परंतु रुग्ण दीर्घकाळ चांगले आयुष्य जगू शकतो.

म्हणूनच मंदगती लिंफोमात लक्षणे नसल्यास डॉक्टर कधी कधी औषध न देता केवळ नियमित तपासणी करतात. इंग्रजीत यास ‘वॉच अँड वेट’ म्हणतात. नातेवाइकांना वाटते की डॉक्टरांनी हात टेकले. वस्तुतः हे सावध निरीक्षण असते. लवकर औषध देऊन आयुष्य वाढत नाही असे आढळल्यामुळे ते अवलंबिले जाते. मंदगती लिंफोमाचे शीघ्रगतीत रूपांतर झाल्यास त्यास ‘ट्रान्स्फॉर्मेशन’ म्हणतात. एखादी गाठ अचानक झपाट्याने वाढू लागल्यास पुन्हा बायॉप्सी करावी लागते, ती त्यामुळेच.

‘प्रॉग्नोसिस’ म्हणजे पूर्वानुमान. शीघ्रगती लिंफोमासाठी १९९३ सालापासून वय, अवस्था, रक्तातील एल.डी.एच.चे प्रमाण, ग्रंथींबाहेरील बाधित स्थाने आणि रुग्णाची हिंडण्याफिरण्याची क्षमता या पाच बाबींवरून ‘आय.पी.आय.’ हा गुणांक काढतात. तो रुग्णांच्या मोठ्या समूहाविषयी सांगतो. समोर बसलेल्या एका माणसाचे भविष्य त्यात लिहिलेले नसते.

उपचारांची आद्याक्षरे

केमोथेरपी, म्हणजे रसायनोपचार, ठरावीक अंतराने दिले जातात. औषध दिल्याचा दिवस आणि त्यानंतरची विश्रांती मिळून एक ‘सायकल’ होते. निरोगी पेशींना, विशेषतः अस्थिमज्जेला, सावरण्यास वेळ मिळावा म्हणून ही विश्रांती असते. मध्यंतरी बरे वाटले म्हणून पुढील सायकल टाळणे म्हणजे रोगट पेशींनाही सावरू देणे होय. या काळात पांढऱ्या पेशी फार कमी होतात. त्यास ‘न्यूट्रोपेनिया’ म्हणतात. तेव्हा आलेला ताप घरी अंगावर काढावयाचा नसतो. त्याच दिवशी, वेळ न दवडता, रुग्णालय गाठावयाचे असते.

औषधांच्या समूहांना त्यांच्या आद्याक्षरांवरून नावे पडली आहेत. हॉजकिन लिंफोमासाठी ‘ए.बी.व्ही.डी.’ हा चार औषधांचा समूह मिलान येथील जान्नी बोनादोन्ना यांनी १९७५ साली पुढे आणला. नॉन-हॉजकिन प्रकारांत ‘चॉप’ हा समूह दीर्घकाळ वापरात आहे. या दोन्हींतील एकेक औषध आपल्या अंगणातील सदाफुलीच्या वनस्पतीतून मिळालेले आहे. ए.बी.व्ही.डी.मधील विनब्लास्टिन हे द्रव्य कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी १९५८ साली वेगळे केले. ते शोधीत होते मधुमेहावरील औषध. परंतु या पानांच्या अर्काने प्राण्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात, असे त्यांना आढळले. चॉपमधील विनक्रिस्टिन हेही त्याच वनस्पतीतील द्रव्य. यावरून सदाफुलीची पाने चावून खाण्याचा मोह कोणास होऊ नये. पानांत ही द्रव्ये अत्यल्प असतात, त्यांचे प्रमाण अनिश्चित असते आणि ती विषारी आहेत. औषध म्हणून ती शुद्ध करून मोजक्या मात्रेत शिरेतूनच देतात.

‘चॉप’च्या आधी ‘आर’ हे अक्षर असल्यास रिटुक्सिमॅब दिले जात आहे, असे समजावे. सीडी २० या प्रथिनास चिकटणारा हा प्रतिपिंड अमेरिकेत १९९७ साली मान्य झाला. त्याच्या भरीने बी-पेशींच्या लिंफोमांचे उपचार अधिक यशस्वी झाले. औषधाच्या नावाअखेर ‘मॅब’ असेल, तर ते एकाच पेशीच्या वंशातून तयार केलेले, म्हणजे ‘मोनोक्लोनल’, प्रतिपिंड असते.

‘कार-टी’ हा शब्द अलीकडे वारंवार ऐकू येतो. यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून त्यांच्या जनुकांत अशी भर घालतात की त्या रोगट पेशी ओळखून मारतात. मग त्या त्याच्या शरीरात परत सोडतात. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या संशोधनातून सिद्ध झालेल्या ‘नेक्सकार१९’ या अशा उपचारास भारतात २०२३ साली मान्यता मिळाली. रोग उलटलेल्या किंवा औषधांना दाद न देणाऱ्या, बी-पेशींचा कर्करोग असलेल्या काही रुग्णांसाठी तो आहे, सर्वांसाठी नव्हे.

चौथा प्रश्न: प्रतिसाद कसा?

उपचारांचा परिणाम पाहण्यासाठी ‘पेट-सीटी’ ही तपासणी करतात. किरणोत्सारी खूण जोडलेली साखर शिरेतून देतात. जेथे पेशी अधिक साखर खातात, तेथे प्रतिमेत उजळ ठिपका दिसतो. २००९ साली फ्रान्समधील दोव्हिल येथे भरलेल्या बैठकीतून एक ते पाच अशी गुणपद्धती रूढ झाली. ती ‘डोव्हिल स्कोअर’ या नावाने अहवालात येते. छातीतील मोठ्या रक्तवाहिन्या आणि यकृत यांच्या उजळपणाशी गाठीच्या उजळपणाची तुलना करून हा गुण देतात. येथे अधिक गुण म्हणजे अधिक यश नव्हे. एक, दोन आणि सर्वसाधारणपणे तीन म्हणजे चांगला प्रतिसाद. चार आणि पाच म्हणजे रोग शिल्लक असल्याची शंका. परंतु क्षय किंवा अन्य संसर्गाची गाठही अशीच उजळते. म्हणून नवा ठिपका दिसताच तो लिंफोमाच होय, असे मानता येत नाही.

‘कम्प्लीट रेमिशन’ म्हणजे पूर्ण उपशम. उपलब्ध तपासण्यांत रोग कोठेही दिसत नाही. ‘पार्शल’ म्हणजे अंशतः उपशम. रोग पुन्हा उद्‌भवला, तर ‘रिलॅप्स’. उपचारांना दादच दिली नाही, तर ‘रिफ्रॅक्टरी’. उपशम आणि रोगमुक्ती यांत भेद आहे. उपशम आजच्या तपासणीत दिसतो. रोगमुक्ती काळाच्या कसोटीवर ठरते. ‘रेमिशन’ हा शब्द ऐकून ठरलेले उपचार अर्धवट सोडणे जितके चुकीचे, तितकेच ‘रिलॅप्स’ ऐकून आशा सोडणेही चुकीचे. उलटलेल्या हॉजकिन लिंफोमातही दुसऱ्या फळीची औषधे आणि स्वतःच्याच मूळपेशींचे प्रत्यारोपण यांनी अनेक रुग्ण बरे झाले आहेत.

एका अहवालाचे वाचन

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अहवालात लिहिले आहे: ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल लिंफोमा, सीडी २० पॉझिटिव्ह, की-६७ ऐंशी टक्के, स्टेज चार.’ हे शब्द एका दमात ऐकणाऱ्यास असे वाटेल की रोग सर्वत्र पसरला आहे, तपासणी वाईट आली आहे, शरीराचा ऐंशी टक्के भाग व्यापला आहे आणि शेवट जवळ आला आहे. या चारही समजुती चुकीच्या आहेत. प्रश्नवार वाचल्यास अर्थ असा होतो: रोग मोठ्या बी-पेशींचा आहे, त्यावर नेम धरणारे औषध उपलब्ध आहे, पेशी वेगाने विभागत आहेत, म्हणून विलंब न करता उपचार सुरू केले पाहिजेत, आणि रोग ग्रंथींबाहेरील अवयवातही आहे, म्हणून संपूर्ण शरीरात पोहोचणारा उपचार लागेल. आजार गंभीर आहे, हे दोन्ही वाचनांत समानच आहे. परंतु पहिले वाचन रुग्णाला घरी नेते आणि दुसरे रुग्णालयात. या प्रकारच्या लिंफोमाचे निम्म्याहून अधिक रुग्ण पहिल्याच उपचारांनी बरे होतात, हे लक्षात घेतले म्हणजे दोन वाचनांतील अंतर किती मोठे आहे, ते कळेल.

अहवालाचा निर्णय करणे हे डॉक्टरांचे काम आहे. ते कोणत्याही पुस्तकाने होणार नाही. परंतु डॉक्टरांच्या थोडक्या वेळात नेमके विचारावे कसे, हे वाचकास ठरविता येते. रोगाचे संपूर्ण नाव काय? अवस्था कोणती, आणि तिच्यामुळे उपचारांत काय फरक पडतो? रोग मंदगती की शीघ्रगती? या उपचारांचा हेतू समूळ नाश हा आहे की रोग आटोक्यात ठेवणे हा? हे चार प्रश्न मराठीत, स्वतःच्या शब्दांत, कागदावर लिहून न्यावेत आणि उत्तरेही तेथेच लिहून घ्यावीत.